लाल रेघेच्या खाली

कागदाच्या कारखान्यात तिला सगळे गोळीवाली म्हणत. तिला त्याचा राग नव्हता. चार वर्षं प्रयोगशाळेच्या भट्टीत तिने शेंगदाण्याएवढ्या करड्या गोळ्या भाजल्या होत्या, मग लोकांनी दुसरं नाव ठेवलं असतं तरच नवल. राग होता तो मोठ्या साहेबांच्या चिठ्ठीचा. शुक्रवारी दुपारी चार वाजता बॉयलरमागचा टॉवर बंद करून उतरवायचा, गोळ्यांसकट, असं त्या चिठ्ठीत लिहिलं होतं.

टॉवर तीन मजली होता आणि त्याचं काम सांगायला सोपं होतं. बॉयलरचा धूर एका द्रावणातून जायचा आणि ते द्रावण धुरातला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवायचं. टॉवरमध्ये वाफेने त्याला एकशेवीस अंशांपर्यंत तापवलं की ते वायू सोडायचं आणि पुन्हा धूर धुवायला मोकळं व्हायचं. घोडं पेंड खात होतं ते या तापवण्यात. वाफ इतकी लागे की धूर धुण्यासाठी आणखी कोळसा जाळावा लागे, म्हणजे आणखी धूर. गोळीवालीच्या गोळ्या उत्प्रेरकाच्या होत्या. त्यांच्यामुळे द्रावणाची पकड ढिली पडे, तोच वायू शहाण्णव अंशांवर सुटे, आणि गोळ्या होत्या तशाच राहत.

"म्हणजे दोघांना वेगळं करायचं आणि आपण नामानिराळं राहायचं," तिचा मामा म्हणाला होता. "आपल्या नात्यात असे दोन-तीन जण आहेत."

मामा बॉयलर ऑपरेटर. बत्तीस वर्षं नोकरी झालेली, निवृत्तीला पाच महिने उरलेले. सगळा कारखाना त्याला मामाच म्हणे, पण सख्खा तो फक्त तिचा. बॉयलरच्या आणि टॉवरच्या तापमापकांच्या काचांवर त्याने स्वतः लाल रेघा रंगवल्या होत्या. ऐन तरुणपणी एकदा काटा खाली गेला, वाफेचं पाणी होऊन पाइपात साचलं, कोणाच्या लक्षात आलं नाही आणि पाइप फुटून त्याचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून काटा लाल रेघेवर म्हणजे ठीक, ही त्याची शिस्त. तिन्ही पाळ्यांचे ऑपरेटर त्याच्याच हाताखाली तयार झालेले. नोंदवहीतसुद्धा आकडा लिहायची पद्धत नव्हती. दर तासाच्या रकान्यात एकच शब्द, 'ठीक'.

प्रयोगशाळेत गोळ्या सोन्यासारख्या वागल्या आणि टॉवरमध्ये गेल्यावर त्यांनी तोंड फिरवलं. ती रोज सकाळी व्हॉल्व्ह शहाण्णववर लावायची आणि संध्याकाळी काटा वर चढलेला आणि वाफेचा मीटर पूर्वीइतकाच पळालेला असायचा. तिला वाटलं व्हॉल्व्ह गळतोय. दोनदा पॅकिंग बदललं. गोळ्या काढून धुतल्या, पुन्हा भरल्या. सहा आठवडे तिने स्वतःलाच शिव्या घातल्या, आणि मग साहेबांची ती चिठ्ठी आली.

बुधवारी भर दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, ती नमुन्याची बाटली घेऊन टॉवरमागे उभी होती. मामा आला. त्याने काट्याकडे पाहिलं, जिभेने च्यक केलं आणि व्हॉल्व्हचं चाक दीड फेरा फिरवलं. काटा लाल रेघेवर चढेपर्यंत तो थांबला. मग नोंदवहीत 'ठीक' लिहून त्याने पेन कानावर ठेवलं.

"मामा! काय केलंस हे?"

"कुठं काय? उतरला होता, वर घेतला. तुझं काम थंड पडू नये म्हणून दर पाळीला सांगून ठेवलंय पोरांना."

"तिथं कागद लावलाय मी! शहाण्णव लिहिलंय त्यावर!"

"वाचला की. पण रेघ एकशेवीसवर आहे ना, पोरी."

काखेत कळसा अन् गावाला वळसा! सख्ख्या मामाने भाचीला सहा आठवडे मामा बनवलं होतं, तेही प्रेमाने. तिला हसावं की रडावं कळेना. शेवटी ती रडली, थोडंसंच, आणि डोळे पुसून थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"एक आठवडा वाढवून द्या, साहेब. चुकून वाफ जास्त सोडली जात होती."

"नाचता येईना, अंगण वाकडं," साहेब म्हणाले. "कोण सोडत होतं? नाव सांगा, बघतो त्याच्याकडे."

नाव तिच्या ओठांवर आलं होतं. पाच महिने उरलेल्या माणसाच्या बत्तीस वर्षांवर डाग पडला असता. तिने नाव गिळलं.

"नाव नाही सांगणार. पण चिठ्ठीत शुक्रवारी चार लिहिलंय. तोपर्यंत टॉवर माझा आहे."

"असेल. फुकटचा हट्ट."

तिने सायकलची साखळी आणली, व्हॉल्व्ह शहाण्णववर लावला, चाकातून साखळी ओवून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. सायकल गेटवर बिनकुलुपाची राहिली. गेली तर गेली, ती मनात म्हणाली, चार वर्षं चोरीला जाण्यापेक्षा सायकल गेलेली बरी.

मामाने साखळी पाहिली तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "माझ्या व्हॉल्व्हला कुलूप? मी काय चोर आहे?"

"तुझा हात चोर आहे. तू नाहीस."

गुरुवारी तो तिला टाळत राहिला. काट्यासमोरून जाताना मात्र त्याचा उजवा हात आपोआप उठायचा आणि साखळीला लागून परत यायचा. तिला त्याची दया आली, पण तिने किल्ली काढली नाही.

शुक्रवारी दहा वाजता साहेब आले. त्यांनी मीटर पाहिले नाहीत, कागद पाहिला नाही. लाल रेघेखाली लोंबणारा काटा तेवढा पाहिला.

"हे काय? टॉवर थंड पडलाय. उघडा तो व्हॉल्व्ह."

"थंड नाही पडलेला. सुटणाऱ्या वायूचा मीटर बघा, पूर्वीइतकाच फिरतोय. आता वाफेचा बघा. परवापासून तीन हिश्श्यांतले दोनच हिस्से वाफ लागलीय."

"मला शिकवू नका. काटा रेघेखाली आहे. उघडा."

"नाही उघडणार."

आजूबाजूची माणसं कामं सोडून पाहू लागली. ती टॉवरला पाठ लावून व्हॉल्व्हसमोर उभी राहिली आणि तिने हाताची घडी घातली. "चार वाजेपर्यंतचा वेळ तुम्हीच दिलात, साहेब. नोकरीवरून काढायचं तर काढा, पण चार वाजल्यानंतर."

साहेब मामाकडे वळले. "मामा, कटर आणा. तोडा ती साखळी."

मामा गेला. जाताना त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. साहेबांचा शब्द त्याने बत्तीस वर्षांत कधी मोडला नव्हता, हे तिला ठाऊक होतं. आता संपलं, असं तिला वाटलं. तरी ती जागची हलली नाही.

मामा परतला तेव्हा त्याच्या एका हातात पत्र्याचा लहान डबा होता, दुसऱ्यात दाढीचं जुनं पातं आणि बारीक ब्रश. कटर नव्हता.

"साहेब, सहा आठवडे वाफ मी सोडत होतो," तो म्हणाला. "दर पाळीला सोडायला लावत होतो. नोंदवहीत 'ठीक' लिहिलंय, ते खोटं आहे. लिहून घ्या माझं नाव, पाहिजे तर सही देतो."

"मामा, पाच महिने राहिलेत तुमचे. कळतंय का काय बोलताय?"

"कळतंय. परवापासून तेच मोजतोय. पण वायूचा मीटर मीही बघितलाय, साहेब, काल दिवसभर, दर तासाला. पोरगी बरोबर आहे. चूक होती ती माझ्या रेघेची."

साहेब पहिल्यांदाच वाफेच्या मीटरपाशी गेले, खिशातून चष्मा काढून आकडा वाचला आणि पुन्हा वाचला. चार वाजता टॉवर बंद करायला कोणाला पाठवू का, असं फोरमनने विचारलं, तेव्हा ते "सोमवारी बघू" एवढंच म्हणून निघून गेले.

मामा काट्यासमोर उकिडवा बसला. पात्याने त्याने जुनी लाल रेघ खरवडली. ती सहजासहजी निघेना. मग त्याने डबा उघडला, ब्रश बुडवला, भाजलेल्या डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि शहाण्णववर ब्रश टेकवला.

"मामा," ती म्हणाली. "साखळी काढू का आता?"

"नको. या हाताचं काही सांगता येत नाही," तो म्हणाला. "आणि जरा बाजूला हो, उजेड अडतोय."