पूजेतली पक्कड

"सगळे म्हणजे सगळे," असं तंकमणी काल ठणकावून म्हणाली होती, आणि आज तेच शब्द तिच्यावर उलटले.

नवरात्रातल्या अष्टमीच्या संध्याकाळी तिने देवघरात केळीचं पान मांडलं. त्यावर लेकीच्या जुन्या वह्या, स्वतःची शिवणाची कात्री आणि नवऱ्याच्या गाडीची झाडून सगळी हत्यारं ठेवली. शिवदासन हळूच म्हणाला होता, "दोन पाने आणि पक्कड राहू दे गं बाहेर. गाडीचा काय भरवसा?" त्यावर तिने डोळे वटारले. "सरस्वतीशी घासाघीस करता? सगळे म्हणजे सगळे." एकदा पूजेत ठेवलेल्या वस्तूला दशमीच्या सकाळी पूजा उठेपर्यंत हात लावायचा नाही, हे त्यांच्या गावात पोरंसोरंही पाळतात. पोरं तर जरा जास्तच, कारण तेवढाच अभ्यास चुकतो.

आणि नवमीच्या दुपारी बघतात तर बुलेटच्या मागच्या चाकातली हवा पार गेलेली. दुसऱ्या दिवशी, दशमीला, पहाटे लेकीच्या गावी पोचायचं होतं. नातवाचं बोट धरून तांदळात पहिलं अक्षर गिरवायचा मान आजोबांचा, मुहूर्त सहाचा, आणि त्या आडवाटेला पहिली बस येते आठला. नाक्यावरच्या पंक्चरवाल्याचं हवेचं मशीनही हार घालून पूजेला बसलेलं.

"मग पलीकडून पाने आणतो," शिवदासन म्हणाला. म्हणाला कसला, बोलता बोलता कुंपणाच्या फटीतून पलीकडे पोचलासुद्धा. माणूस एरवी दुकानातून मीठ आणायला सांगितलं तर आधी पेपर संपवतो.

पलीकडे रोसिली राहायची. तिचा नवरा पौलोस त्रिशूरला लेथवर काम करायचा. तीन वर्षांपूर्वी गेला. त्याची हत्यारांची पेटी तिने विकली नव्हती, उलट तेल लावून ठेवली होती. आणि रोसिली ख्रिश्चन, त्यामुळे तिचे पाने कुठल्याच पूजेत अडकलेले नव्हते.

पाने येतील एवढंच तंकमणीला वाटलं होतं. आली ती रोसिली स्वतः. अंगात फुलाफुलांची मॅक्सी, खांद्यावर टॉवेल, आणि घागर घ्यावी तशी ती लोखंडी पेटी कमरेवर.

"चेची, तू काळजी करू नकोस," ती अंगणातूनच ओरडली. "तुझी गाडी तासाभरात उभी करून देते!"

'चेची' म्हणजे ताई. ताई म्हणवून घ्यायची तंकमणीला अजिबात हौस नव्हती. ती सुपात चवळीच्या शेंगा घेऊन पायरीवर बसली. गेली सव्वीस वर्षं शिवदासन अंगणात गाडी खोलायचा आणि ती याच पायरीवर बसून शेंगा मोडायची, नाहीतर नारळ खवायची. त्याने कधी "जरा पाना दे" म्हटलं नव्हतं आणि तिने कधी "देऊ का" विचारलं नव्हतं. तो कामात असला की बोलत नाही, असा तिचा समज होता.

आज त्याचं तोंड बंद होत नव्हतं.

डबल स्टँडखाली फळी सरकवून दोघांनी गाडी उंच केली. ब्रेकचा दांडा सुटला. चेनलॉकची इवलीशी क्लिप काढून त्याने चेन उतरवली. एक्सलचा नट जाम होता, तर रोसिलीने पान्यावर सरळ पाय दिला आणि नट 'कट्' करून सुटला.

"बाप रे!" शिवदासन म्हणाला. "पौलोसला जपूनच राहावं लागत असेल."

"म्हणून तर लवकर सुटला बिचारा," रोसिली म्हणाली, आणि दोघं खो खो हसली.

मेलेल्या नवऱ्यावर विनोद करते, तंकमणीच्या मनात आलं, आणि हा दात काढतो. हातातली शेंग तिने अशी मोडली की दाणे अंगणात उडाले. हा गाडी तिरकी करून धरतो काय, ती चाक ओढून काढते काय, हा "हळू, हळू, बोट सांभाळ" म्हणतो काय! तंकमणीचं बोट विळीवर कापलं होतं तेव्हा, "हळद लाव," एवढं बोलून हा माणूस आंघोळीला गेला होता.

रोसिलीने ट्यूब काढली, बादलीत बुडवली, बुडबुडे येत होते तिथे ठिगळ मारलं. काम चोख होतं आणि त्याचाच तंकमणीला जास्त राग येत होता. धड एखादी चूक तरी करावी बाईने!

रीत म्हणून तिने चहा आणला. रोसिलीने घोट घेतला आणि सहज म्हणाली, "एट्टांच्या चहात सुंठ नाही घातलीस, चेची? माझ्याकडे तर सुंठीशिवाय घेत नाहीत."

शिवदासनने मान खाली घालून टायर उगाच दाबून पाहिला. आधी तर 'एट्टा', म्हणजे दादा, ही हाक. नवऱ्याला तंकमणीही तीच हाक मारते. पण शेजारपाजारच्या वडील माणसाला सगळेच मारतात, म्हणून ती आजवर गिळत आली होती. सुंठ मात्र गिळता येईना. रोज संध्याकाळी हा "वाचनालयात जातो" म्हणून निघतो. ती परत पायरीवर बसली आणि दोघांच्या हातांकडे बघत राहिली.

पौलोसच्याच पायपंपाने हवा भरली आणि चाक परत चढलं. एक्सल आरपार गेला, दोन्हीकडे सारखं ओढून नट आवळले. रोसिली पौलोसची गोष्ट सांगत होती, की तो एकदा पाद्र्यांची स्कूटर दुरुस्त करायला गेला आणि चार वायसर उरवून आला. शिवदासनने हसत हसतच चेन जोडली आणि क्लिप दाबून बसवली.

तंकमणीचा हात शेंगेवर थांबला.

सव्वीस वर्षांत ती क्लिप बसवताना तो दर वेळी स्वतःशीच पुटपुटायचा, "पाठ पुढे, तोंड मागे." आज पुटपुटला नव्हता. तिने वाकून पाहिलं. वरच्या चेनवर क्लिपचं उघडं तोंड पुढे होतं; अशी क्लिप चालत्या गाडीत निसटते.

ती बोलली नाही. बोलली असती तर रोसिलीने "अगंबाई, खरंच की" म्हणून दोन मिनिटांत उलटी करून दिली असती आणि पुन्हा हसली असती. क्षणभर तंकमणीला असंही वाटलं, की निसटू दे चेन भर रस्त्यात, कळू दे गावाला कुणाशी खिदळत जोडली होती ते. मग त्या गाडीवर नवरा असणार आणि मागे आपणच असणार, हे आठवून तिला स्वतःची लाज वाटली.

चर्चची घंटा झाली. ऑक्टोबर महिना, ख्रिश्चनांच्या घरोघर संध्याकाळी जपमाळ. रोसिलीने हात पुसले, पेटी कमरेवर घेतली आणि "नातवाला माझा पण पापा द्या" म्हणून कुंपणापलीकडे गेली.

तंकमणीने सूप खाली ठेवलं. "वाचनालयात चहा कधीपासून मिळायला लागला हो?"

शिवदासन हात पुसत राहिला. मग चिडूनच म्हणाला, "दहा मिनिटं बसतो मी तिथे. ओट्यावर, सगळ्या रस्त्याला दिसेल असा. ती विचारते गं! चेन किती सैल ठेवता, तेल कधी बदललंत. घरात कोण विचारतं मला? सव्वीस वर्षं तिथं बसून शेंगा मोडतेस, एका अक्षराने कधी विचारलंस?"

हे मात्र तिला लागलं. रडू येईल असं वाटलं, पण राग आधी आला.

"विचारतं कोण? ज्याला माहीत नसतं तो," ती म्हणाली. "ती क्लिप बघा. उलटी बसवलीत."

तो खाली बसला आणि बघतच राहिला. "देवा..." त्याचा चेहरा उतरला. "पक्कड हवी. रोसिलीची पेटी..." तो उठला.

"पाऊल उचलू नका!"

ती तरातरा देवघरात गेली. समईच्या उजेडात सरस्वती शांत बसलेली, पुढे पोहे, लाह्या, गूळ. तंकमणीने हात जोडले आणि पानावरची पक्कड उचलली. दांड्याला चंदन होतं, जबड्यात तुळस अडकली होती.

शिवदासन घाबरला. "अगं, दशमीच्या आधी? तूच म्हणाली होतीस ना, सगळे म्हणजे..."

"देवीचं मी बघून घेईन. तीही कुणाची तरी बायको आहे, तिला कळेल. उजेड धरा."

तो पायरीवर, तिच्या रोजच्या जागी बसला आणि बॅटरी धरली. तंकमणीने तुळस कानामागे खोवली, क्लिप काढली, फिरवली. "पाठ पुढे, तोंड मागे," ती म्हणाली आणि दाबली. क्लिप टक् करून बसली.

तो हलकेच म्हणाला, "तुला हे ऐकू यायचं?"

"सगळं ऐकू यायचं." तिने पक्कड पदराला पुसली. देवघराकडे जाता जाता ती उंबऱ्यात थांबली, पण वळली नाही.

"किती घालते ती सुंठ?"

"चिमूटभर."

"मी दोन घालीन," तंकमणी म्हणाली.