बटाट्यातले चमचे

गुरुवारी संध्याकाळी चहाला बसलो, तर डब्यात एकही चमचा नव्हता.

"पापा, परत चमचे नेलेस?"

"प्लास्टिकचेच नेलेत. तुझ्या आजीची चांदी नाही पळवली."

खिडकीतल्या त्याच्या टेबलावर अर्धा बटाटा पालथा पडला होता आणि त्यात दांड्या खोचून चमचे उभे केले होते. त्यांच्या पाठीवर रंग वाळत होता. प्रत्येक रंग आधी चमच्यावर, मग त्यावर क्लिअर कोट, रंग टिकवणारा पारदर्शक थर. दोघांचं जमलं, तरच तो कोट त्याने घडवलेल्या नावेवर. "नाव एकच असते, पोरी. चमचे ढीगभर."

या वेळची नाव हातभर लांब होती, रंगवून झालेली. बंदरात जहाजं ओढणाऱ्या ज्या टगबोटीवर त्याचं अर्धं आयुष्य गेलं, तिची ती प्रतिकृती. सान पेद्रोच्या सणाला आमच्या वालपाराइसोचे कोळी त्या संताची मूर्ती होडीत बसवून बंदरात फेरी मारतात. पापा दरवर्षी आपली नवी नाव मांडीवर घेऊन पहिल्या होडीत बसायचा.

"या वर्षी येशील ना?"

"बघू."

दरवर्षी मी हेच म्हणायचे. मला पाण्याची भीती वाटते.

"बघून बघून डोळे जायचे तुझे," म्हणत त्याने पावावर ॲव्होकाडो थापला.

शुक्रवारी सकाळी तो उठला नाही.

माणसं आली, गेली. मी कप विसळत राहिले. लोक माझ्या खांद्यावर हात ठेवायचे तेव्हा मला फक्त त्या हाताचं वजन कळायचं.

सण तोंडावर आला तेव्हा त्याचा दोस्त निबाल्दो स्प्रेचा डबा घेऊन आला. तोही नावा करतो.

"यास्ना, या नावेवर अजून कोट नाही. एक लाट उडाली की तिच्यावर लिहिलेल्या नावाची अक्षरं सुटतील. न चमकणारा मॅट लॅकर आणलाय, आजच मार."

"खालचा रंग चालेल त्याला?"

"तुझा बाप आन्सेल्मो जन्मभर ॲक्रिलिक वापरायचा, त्यावर हा बसतोच. मला विचारतेस?"

मी बटाट्यातून चमचे काढले. बटाट्याला कोंब आले होते. पांढऱ्यावर लॅकर बसला, काळ्यावर बसला. लाल चमच्यावर मारला आणि बघता बघता रंगाला दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या पडल्या.

निबाल्दोने चमचा नाकाशी नेला. "हे इनॅमल आहे, तेलातला रंग. लॅकरने सुरकुततो. मॉडेलचा रंगच नाही हा. खऱ्या बोटीच्या तळाला लावतात तो." मग तो हळूच हसला. "त्याची टगबोट भंगारात काढली तेव्हा तिच्यावरचा डबा उचलला असणार. लबाड म्हातारा! मलासुद्धा बोलला नाही."

"मग आता?"

"पाण्यात कालवलेला मॅट कोट बघ, तो रंगाला खात नाही. इनॅमल पुरतं वाळलंय. पातळ मार, आणि घाई करू नकोस."

पापाच्या कपाटात तो होता. दुसऱ्या लाल चमच्यावर मारून पाहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी नखाने खरवडला. हलला नाही.

मग नावेवर मारला. आधी सगळी नाव धुक्यात गेल्यासारखी पांढुरकी झाली. मी समोर बसून राहिले. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. पांढुरकेपणा कडेने विरत गेला आणि खालून तो लाल रंग वर आला, निस्तेज, वापरातल्या बोटीचा असतो तसा.

त्याची खुर्ची टेबलापासून थोडी मागे सरकलेली होती, तो उठून गेला होता तशीच.

"पापा," मी मोठ्याने म्हणाले, "रविवारी सणाला मी येतेय. होडीत. तुझ्याबरोबर."