बोटीत घालायची जॅकेटं

रहाटणीच्या एका आतल्या गल्लीत रश्मी ओव्हाळचं शिवणाचं वर्कशॉप आहे. वर्कशॉप आपलं म्हणायला. घराखालचा एक हॉल, त्यात चार जड मशिनी, कापायचं टेबल आणि भिंतीला टेकवलेली रेक्झिनची बंडलं. त्याआधी नऊ वर्षं ती चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवत होती. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा नोकरी सोडली, आणि त्या गेल्यावर पुन्हा शिफ्टच्या बसमध्ये चढायचं काही तिच्या मनात येईना. हात चांगला होता, ओळखी होत्या. रिक्षाची हुडं, टेम्पोच्या सीटा, जिमच्या बाकांची कव्हरं, मिळेल ते काम ती घ्यायची. शेजारची अनिता दिवसभर तिच्याबरोबर मशीनवर असायची. सासरे भिवा पिंपरीच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. ते दाराशी खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे.

दोन वर्षांपूर्वी मारुतराव नावाचा माणूस तिच्याकडे आला. कोकणातल्या एका खाडीवर माणसांना या काठावरून त्या काठाला नेणाऱ्या लाँच होत्या, त्या कंपनीचा तो मॅनेजर. पिंपरी कॅम्पातल्या सीट कव्हरवाल्याने त्याला इकडे धाडलं होतं. बंदर खात्याची तपासणी तोंडावर आलेली आणि त्याला दीडशे लाइफ जॅकेटं हवी होती. नमुन्याचं एक जॅकेट त्याने टेबलावर ठेवलं. रश्मीने ते उसवलं. आत पांढरा, कडकसा, दाबला तरी न दबणारा फोम होता. असला फोम मागवायला वेळ लागेल, असं ती म्हणाली. मारुतरावाने कोपऱ्यातल्या गोणीकडे बोट केलं. त्यात सीटच्या स्पंजचे उरलेले तुकडे होते.

"हेच भरा की."

"पाण्यात चालेल का हे?" रश्मीने विचारलं.

मारुतराव हसला. "ताई, बोटीत घालायचंय, पाण्यात नाही. फुगलेलं दिसलं म्हणजे झालं."

रश्मीने पुन्हा विचारलं नाही. त्याने छापून आणलेली लेबलं दिली, त्यावर कसलासा शिक्का आणि नंबर होता. तीही तिने प्रत्येक जॅकेटच्या छातीवर नीट, सरळ रेषेत शिवली. महिन्याभरात माल गेला, आणि पुढच्या कामाच्या गडबडीत ती ते विसरूनही गेली.

यंदा जानेवारीत एका रविवारी त्या खाडीत लाँच कलंडली. चाळीस माणसांची परवानगी, आत सत्तरच्या वर. धक्का जवळ आला तशी सगळी उतरायला एका बाजूला सरकली आणि लाँच आडवी झाली. मच्छीमारांच्या होड्या जवळच होत्या म्हणून बाकीचे वाचले. एक बाई मात्र गेली. गवराबाई मुटके, चाकणजवळच्या गावातली, भाचीच्या साखरपुड्याला निघालेली.

दुसऱ्या दिवशी अनिताने मोबाइलवर त्याचा व्हिडिओ दाखवला. धक्क्यावर नारिंगी जॅकेटांचा ढीग पडला होता. एक माणूस त्यातलं एक दोन्ही हातांनी उचलत होता, आणि त्यातून पाणी नुसतं गळत होतं. पट्ट्याच्या टोकाला राखाडी दोऱ्याचा चौकोन आणि त्यात फुली होती. नारिंगी कापडावर राखाडी दोरा कोणी घेत नाही. सीट कव्हरांचा उरला होता म्हणून रश्मीने तो वापरला होता.

तिने मशीन बंद केली. खाली बातमीत कंपनीचं म्हणणं होतं: सर्व प्रवाशांना प्रमाणित जॅकेटं दिलेली होती, मयत महिलेने पट्टा नीट बांधला नसावा.

माळ्यावर तीन जॅकेटं पडून होती, शिवताना वाकडी झाली म्हणून बाजूला काढलेली. रश्मी ती गच्चीवर घेऊन गेली. निळं पिंप काठोकाठ भरलं, माणसाच्या भाराऐवजी एका जॅकेटला वीट बांधली आणि पाण्यात सोडलं. भिवा जिना चढून मागोमाग आले आणि मनगटावरचं घड्याळ पाहत उभे राहिले. सुरुवातीला जॅकेट छान तरंगलं. मग त्याचा एक खांदा बुडाला. नऊ मिनिटांनी ते तळाला होतं. वर काढायला गेली तर भिजलेल्या गादीसारखं जड, एका हाताने उचलेना.

तिने दुसरं टाकून पाहिलं. तेही गेलं.

अनिताचं म्हणणं साधं होतं. आपण त्यांनी सांगितलं तसं शिवून दिलं, सही-शिक्का त्यांचा, बोट त्यांची. आपण होऊन तोंड उघडलं तर कंपनी नामानिराळी राहील आणि पोलीस रहाटणीत येतील. ते खोटं नव्हतं. दोन दिवसांनी मारुतरावाचाच फोन आला. तो अगदी गोडीत बोलला. कोणी विचारलं तर नाव घेऊ नका, ही गोष्ट थंड होऊ द्या, आणि आता सगळीच जॅकेटं नवी करायची आहेत, या खेपेला चांगला फोम मीच पाठवतो, काम तुम्हालाच देतो. रश्मी हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. बरं, म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी भिवा तिच्याजवळ टेबलाशी येऊन बसले. त्यांच्या खात्यात एका पोराची दोन बोटं प्रेसमध्ये गेली होती, ते त्यांनी सांगितलं. प्रेसचा गार्ड, हात आत जाऊ न देणारी जाळी, महिनाभर तुटलेला होता, सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबाने कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहून आणलं, आणि साक्षीदार म्हणून भिवांनी सही केली.

"मला कुणी धमकावलं नव्हतं," ते म्हणाले. "कागद पुढं आला, मी सही केली. एवढंच झालं."

तू काय करावंस, हे त्यांनी सांगितलं नाही. उठून ते आत गेले.

रश्मीने गवराबाईंचं घर शोधून काढलं. तिचा नवरा विक्की चाकणच्या एका कारखान्याच्या बसवर ड्रायव्हर होता, त्या रूटवरची गावं त्याला पाठ होती. त्याने तिला वेशीवर सोडलं आणि तो तिथेच थांबला. दुपारची वेळ. घरात गवराबाईंचा मुलगा आदिनाथ एकटाच होता. पस्तिशीचा असेल, चाकणला शिफ्टमध्ये काम करणारा, डोक्याचे केस नुकते उगवू लागलेले. कुठल्या तरी ऑफिसातून बाई आली असेल अशा समजुतीने त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग न विचारताच सांगू लागला. आई पाण्याला भ्यायची. ती बोटीत चढेना, तेव्हा त्यानेच जॅकेट मागून घेतलं आणि तिच्या अंगात चढवलं.

"पट्टा म्या बांधला व्हता," तो म्हणाला. "माझ्या हातानं. आन् कंपनी म्हनती नीट बांधला न्हाई. ऱ्हाईला आसंल सैल. लई गर्दी व्हती. रोज आठवून बघतो, पन घट्ट वढला व्हता का न्हाई, ते काय आठवतच न्हाई."

रश्मीने पिशवीतलं तिसरं जॅकेट काढून मांडीवर ठेवलं. इथवर येताना तिने बोलायचं सगळं ठरवून ठेवलं होतं, त्यातलं काहीच आता वापरता येईना.

"पट्टा सैल नव्हता," ती म्हणाली. "तो मी शिवलाय. एकदा बकल लागलं की सुटत नाही. आतला स्पंज पाणी पितो. दहा मिनिटांत बुडतं हे. तुम्ही कसाही बांधला असता तरी बुडलंच असतं."

आदिनाथने जॅकेट हातात घेतलं. अंगठ्याने दाबून पाहिलं, पट्टा ओढून पाहिला.

"तुमाला म्हाईत व्हतं?"

"मी एकदा विचारलं होतं, पाण्यात चालेल का. तो हसला. मग मी परत विचारलं नाही."

तो उठून ओट्यावर जाऊन उभा राहिला. आता हा आपल्याला जा म्हणणार, असं रश्मीला वाटलं, आणि त्याने तसं म्हणावं असंही वाटलं. तो आत आला तेव्हा डोळे लाल होते, पण आवाज शांत होता. हे तुमी चौकशीच्या सायबापुढं सांगाल का, एवढंच त्याने विचारलं. रश्मी हो म्हणाली.

अपघाताच्या चौकशीसाठी सरकारने समिती नेमली होती, तिचं काम जिल्ह्याच्या ठिकाणी चालायचं. समितीच्या अध्यक्ष साठीच्या आसपासच्या एक बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. रश्मीने मारुतरावाचे मोबाइलवरचे निरोप, उरलेली बारा लेबलं आणि ते तिसरं जॅकेट असं सगळं टेबलावर ठेवलं. जे घडलं ते घडलं तसं सांगितलं. कंपनीचा वकील हुशार होता. त्याने आवाज न चढवता विचारलं, म्हणजे खोट्या लेबलाची जॅकेटं तुम्हीच बनवलीत, असं धरायचं का?

"हो," रश्मी म्हणाली. "मी बनवली. मागवली यांनी. आणि माणसांना घातली यांनी."

अध्यक्षबाईंनी ते शब्द होते तसे लिहून घ्यायला लावले.

जप्त केलेली सगळी जॅकेटं उघडून बघायची ठरली, तेव्हा रश्मीने ते काम मागून घेतलं. धक्क्याजवळच्या शेडमध्ये, पंचांसमोर, ती दोन दिवस उसवत बसली. आदिनाथ सुट्टी टाकून आला होता. तो एकेक जॅकेट आणून द्यायचा आणि उघडलेलं उचलून न्यायचा. एकशे एकतीस सापडली, एकूण एक स्पंजाची. मिठाने कडक झालेला दोरा लवकर निघायचा नाही, तिची बोटं सोलपटली. दुसऱ्या दिवशी काठावरची माणसं आपणहून शेडमध्ये येऊ लागली. एका मासेवालीने सांगितलं, दोन वर्षांमागे याच कंपनीची लाँच खडकावर चढली होती, तेव्हा दोघांचे हात मोडले आणि कंपनीच्या माणसांनी घरी जाऊन त्यांना गप्प केलं. एका मास्तरांकडे त्यांनी बंदर खात्याला पाठवलेल्या चार अर्जांच्या पोचपावत्या होत्या. जास्त माणसं भरतात, जॅकेटं कुलपात ठेवतात, असं त्यात तारखांसकट लिहिलेलं होतं. इतके दिवस हे सगळं घराघरात सुटं सुटं पडून होतं. समितीने ते एकत्र करून कागदावर घेतलं.

पावसाळ्याआधी समितीचा अहवाल आला. कंपनीचा परवाना रद्द झाला. मालक आणि मारुतराव यांच्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागला. पट्टा नीट बांधला नसावा हे कंपनीचं विधान चुकीचं आहे, असं अहवालात स्पष्ट लिहिलं गेलं. त्या पानाची प्रत आदिनाथने मागून घेतली. जॅकेटं न तपासता सही ठोकणारा बंदर खात्याचा अधिकारी निलंबित झाला. खोट्या लेबलाच्या गुन्ह्यात रश्मीचंही नाव आलं. तिला जामीन मिळाला, पण दर तारखेला हजर राहावं लागतं.

तारीख असली की ती वल्लभनगरहून कोकणात जाणारी सकाळची एसटी धरते. अनिता वर्कशॉप सांभाळते. पहिले काही दिवस ती नाराज होती, मग एकदा तिनेच डबा करून दिला. दोन-तीन ओळखीची गिऱ्हाइकं तुटली. आता काम घेताना रश्मी आधी हे कशासाठी, कोण वापरणार ते विचारते, आणि त्यामुळेही काही जण परत जातात.

गेल्या तारखेला कोर्टाचं काम लवकर आटपलं. आदिनाथ साक्षीला आला होता. पलीकडच्या काठावर त्याच्या मावशीचं घर, तिकडे जायचं त्याच्या मनात होतं; त्या दिवसानंतर तो पाण्यावर गेला नव्हता. तुमी येता का, असं त्याने चाचरत विचारलं. रश्मी गेली. खाडीवर आता दुसऱ्या कंपनीची लाँच होती. दाराशी एक मुलगी माणसं मोजून आत सोडत होती. ही दोघं पोचेपर्यंत चाळीस झाली, आणि तिने साखळी लावली.

"पुढच्या फेरीला या," ती म्हणाली.

मागच्या रांगेतला एक माणूस कुरकुरला, दोन माणसांनी काय होतंय म्हणून. मुलीने नाही म्हणून मान हलवली आणि लाँच निघाली. आदिनाथ धक्क्याच्या दगडावर बसला, रश्मीही थोड्या अंतरावर बसली. पुढची लाँच पाऊण तासाने होती.