पहिल्या ट्रंपेटच्या ओळीवर

दादाने हातातली इशाऱ्याची काठी कागदांच्या स्टँडच्या कडेवर आपटली आणि बँड थांबला. सिंबल तेवढी किणकिणत राहिली. ड्रमच्या मागे बसलेल्या बाबांनी ती बोटांनी धरून गप्प केली.

"बाबा, तुम्ही सगळ्यांना मागे ओढताय."

"अरे, मी नाही. ही मंडळी जरा..."

"मंडळी एकत्र आहेत. तुम्ही एकटेच भलतीकडे चाललाय. ते वाजवतात तसं वाजवा. जमत नसेल तर सांगा, कार्यक्रमाला मी दुसरा ड्रमर आणतो. एक जण तयार आहे."

दहा वादकांनी आपापल्या स्वरलिपीच्या कागदांत तोंडं घातली. बँड बाबांनी उभा केलेला, धून बाबांची, आणि काठी हातात आली म्हणून पोरगा त्यांनाच चारचौघांत झाडतोय. मागे खुर्चीवर बसलेल्या धाकट्या बहिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती नुसती बसून राहिली, याचा तिला जास्तच राग आला. वाजवण्यात काहीतरी खटकत होतं, पण संतापात तिचं तिकडे लक्षच गेलं नाही.

घरी आल्यावर तिने दादाशी बोलणं टाकलं. जेवताना भांडी आपटली, दारं आपटली. बाबा मात्र रोज मागच्या खोलीत सरावाच्या रबरी पाटावर ड्रमच्या काड्या घेऊन बसायचे आणि दार लावून घ्यायचे. आतून टकटक ऐकू यायची. रुसले असतील, असं समजून ती तिकडे फिरकली नाही.

पुढच्या तालमीच्या दिवशी सकाळी तिने संगणकावर ती धून उघडली. बँडचे सगळे कागद तीच सॉफ्टवेअरमध्ये लिहून छापायची. ही धून झोक्यात वाजवायची होती. कागदावर दोन सूर सारखे दिसले तरी पहिला रेंगाळतो आणि दुसरा घाईने येऊन त्याला गाठतो. हे सुरासुरावर लिहीत नाहीत. वर एक खूण करतात आणि ती प्रत्येकाच्या कागदावर उतरते.

तिने धून वाजवून पाहिली. पहिला ट्रंपेट झोके घेत होता. बाकीची वाद्यं शाळेच्या कवायतीसारखी सरळ चालली होती.

तिने खुणेवर क्लिक केलं. ती एकट्या पहिल्या ट्रंपेटच्या ओळीला चिकटवलेली होती. तिने स्वतः ती सगळ्या वाद्यांसाठी टाकली होती, हे तिला पक्कं आठवत होतं.

"दादा, या फाइलला हात लावला होतास?"

"ती खूण धुनेच्या नावावर चढत होती. घाणेरडं दिसत होतं. मी काढून खाली नीट टाकली."

"एका ओळीवर टाकलीस. ती फक्त ट्रंपेटच्या कागदावर छापली गेली. त्या बिचाऱ्याने शेजाऱ्यांचं ऐकून झोका सोडून दिला. झोक्यात वाजवत होते ते एकटे बाबा."

दादाने स्क्रीनकडे पाहिलं. "माझ्या कागदावर तर खूण होती."

"तुझ्या कागदावर सगळ्याच वाद्यांच्या ओळी असतात. कागदावर खूण दिसली की तुला कानांनीही ऐकू येते का? एवढा दिमाखात काठी आपटत होतास, ऐकत काय होतास?"

"बरं, हळू बोल. दुरुस्त कर आणि पुन्हा छाप."

"ते करते. पण तू बाबांना सगळ्यांसमोर बोललास, आता सगळ्यांसमोरच सांगायचं. मी त्यांना काही सांगणार नाही. तुझ्या तोंडून ऐकू देत."

"सांगतो म्हटलं ना."

तालमीला तिने नवे कागद वाटले. दादा खाकरला.

"मागच्या वेळी छपाईत थोडी चूक राहिली होती. आता झोक्यात वाजवायचंय. चला."

एवढंच. चूक जणू छपाईयंत्राने केली होती. धाकटीने दात आवळले आणि बँड सुरू झाला. सॅक्सोफोन डुलले, ट्रॉम्बोन डुलले, धून पहिल्यांदाच जिवंत झाली. पण खालून ड्रम मोजूनमापून सरळ चालले होते. एक ठोका इकडेतिकडे नाही. दादाने हात वर केला.

"बाबा, झोका कुठे गेला?"

"झोक्याचं या मंडळींना म्हणालास ना? मी तर तो सोडला." बाबांचा चेहरा खुलला होता. "आठवडाभर घासून काढलं. पहिले दोन दिवस हात ऐकतच नव्हता. तू बोललास ते बरं झालं. इतकी वर्षं वाकडं वाजवत आलो आणि कोणी सांगितलं नाही मला."

धाकटी ताडकन उठली. "बाबा, तुम्ही बरोबर वाजवत होतात. तुम्ही एकटेच बरोबर होतात."

"तू माझी बाजू घेणारच गं. पहिल्यापासून घेतेस." ते हसले आणि त्यांनी काडीने दादाकडे दाखवलं. "हा घेत नाही. म्हणून याचं खरं मानायचं."

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले. त्याने स्टँडवरचे कागद उगाच सारखे केले. धाकटीला वाटलं, आता तरी बोलेल. नाही बोलला तर त्याच्या हातातली काठी हिसकावून घ्यायला ती निघालीच होती.

"पहिल्यापासून," दादा म्हणाला आणि त्याने काठी उचलली.

पहिल्या ट्रंपेटवाल्याने वाद्य मांडीवर ठेवलं. शेजारच्याने ठेवलं. मग सॅक्सोफोनवाल्यांनी. दहातल्या एकानेही वाद्य तोंडाला लावलं नाही.

एकट्या बाबांनी काड्या उचलल्या आणि इशाऱ्यासाठी मुलाकडे पाहिलं.