एका वेळी एकच बदल

शिक्षण कचेरीने आमच्या समुद्रकाठच्या शाळेत यंत्रमानव जोडायच्या पेट्या पाठवल्या. म्हणे, मुलांना विचार करायला शिकवा! मुलं चार, शिकवणारी मी एकटी. तिघं दुपारच्या बसने घरी जात. दुसरीतली हारम मागे राही, कारण तिची आजी ओहोटीला चिखलात शिंपले वेचायला गेलेली असे, भरती लागली की परते. मग रिकाम्या शाळेत आम्ही दोघी आणि ती पेटी.

हारमने जोडलेली गाडी सारखी डावीकडे वळायची.

"माझ्यामुळेच बिघडलं," ती म्हणाली. प्रत्येक गोष्टीत तिचं हेच पालुपद. माझं डोकंच फिरलं.

"कशावरून गं? एका वेळी एकच गोष्ट बदल, बाकी सगळं तसंच ठेव. मग सांग."

तिने चाकं बदलली, मग मोटर बदलली. गाडी डावीकडेच. शेवटी आसाला गुंडाळलेला गालिच्याचा धागा सापडला. तो काढला नि गाडी नाकासमोर सरळ गेली. पोरीला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

छुसॉकची, आमच्या सुगीच्या सणाची, सुट्टी संपली. "बुसानहून आई आली होती का गं?" मी नको ते विचारून बसले.

"नाही. पण मी करून पाहिलं, बाई."

"काय करून पाहिलंस?"

"आजी म्हणते, शहाण्यासारखी वाग, मग आई येईल. नववर्षाला मी शहाणी होते. पालकाची भाजीसुद्धा संपवली. आई नाही आली. या वेळी तेवढंच बदललं. आजीला उलट बोलले, सणाचे तांदळाचे सोंगप्योन कुत्र्याला घातले. तरी नाही आली." ती माझ्याकडे बघत नव्हती. "म्हणजे माझ्यामुळे नाही. हो ना?"

"नाही गं बाळा. तुझ्यामुळे नाही."

"मग कशामुळे?"

अशा वेळी 'तुला काय वाटतं?' असं उलट विचारायचं, हा माझाच नियम. तो ओठांवर आला नि तिथेच अडला. इतकी एकटी मी त्या शाळेत कधीच नव्हते.

"मला नाही माहीत," मी म्हणाले.

"बरं." तिने एकेक तुकडा पेटीत नीट भरला. "आता आजीला शिकवते. ती झोपताना भिंतीकडे तोंड करून म्हणते, माझंच चुकलं."

मग बूट घालून ती पायरीवर जाऊन बसली, भरतीची वाट बघत.