एकशे बारा रेघा

विद्यापीठाच्या अमृतमहोत्सवी वर्षात एकूण एकाहत्तर कार्यक्रम झाले. त्यातल्या चौसष्टाव्या कार्यक्रमात माझ्या मामाचा सत्कार व्हायचा होता. तो झाला नाही, आणि तो माझ्यामुळे झाला नाही.

कार्यक्रमांची यादी मीच ठेवत होते, म्हणून आकडे पाठ आहेत. पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाल्यावर मला अमृतमहोत्सव कक्षात अकरा महिन्यांची नेमणूक मिळाली. कक्ष म्हणजे परीक्षा विभागामागची एक खोली, दोन टेबलं आणि एका जागी अडखळून पुन्हा फिरणारा पंखा. वर्षभरात माजी विद्यार्थ्यांची दौड झाली, व्याख्यानमाला झाली (तिसऱ्या व्याख्यानाला एकोणीस श्रोते, त्यातले आठ आमच्याच कक्षाचे आणि मांडववाल्याचे), एकाच खड्ड्यात दोनदा वृक्षारोपण झालं. माझं खरं काम मात्र एका पुस्तकाचं होतं. विद्यापीठाच्या वेधशाळेत स्थापनेपासून रोज सकाळी साडेआठला तापमान नोंदवलं गेलं होतं. पंचाहत्तर वर्षांच्या त्या नोंदी वह्यांमधून उतरवायच्या, तपासायच्या आणि ग्रंथरूपाने छापायच्या.

वेधशाळा हा शब्द जरा मोठा आहे. मैदानाच्या टोकाला तारेचं कुंपण, आत चार पायांवर उभी पांढरी झडपांची पेटी, पेटीत तापमापक, बाजूला पाऊस मोजायचं भांडं, एवढंच. पंचाहत्तरपैकी अडतीस वर्षं तिथला निरीक्षक माझा मामा होता. विद्यापीठात त्याला कोणी नावाने ओळखत नसे. सगळे ‘साडेआठ’ म्हणायचे. "साडेआठ आत गेले" असं कोणी म्हटलं की ग्रंथालयाचा शिपाई घड्याळाकडे न बघता कुलूप काढायचा. मामाने मलाही नाव ठेवलं होतं, दशांशबाई. सहा वर्षांची असताना मला ताप आला होता आणि किती आहे विचारल्यावर मी "शंभर पॉइंट चार" असं सांगितलं होतं म्हणे. पेटीतला तापमापक पहिल्यांदा मी त्याच्याच खांद्यावर बसून वाचला. मी विज्ञानाकडे गेले ती तिथूनच.

तापमापकावर खुणा अर्ध्या अर्ध्या अंशाच्या असतात. मधले दशांश डोळ्यांनी ठरवायचे. माणसाचा डोळा आळशी असतो, तो पाऱ्याला जवळच्या खुणेकडे ओढतो. त्यामुळे खऱ्या नोंदींमध्ये शेवटचा अंक शून्य किंवा पाच जरा जास्तच वेळा येतो. उलट, घरी बसून आकडे रचणारा माणूस शून्य आणि पाच टाळतो, कारण ते त्यालाच बनावट वाटतात. हे मी संख्याशास्त्राच्या तासाला शिकले होते आणि मला ते फार आवडलं होतं.

सगळे आकडे संगणकावर चढवल्यावर मी ही चाचणी लावली. पंचाहत्तर वर्षं ठीक होती. फक्त मामाच्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षात सलग एकशे बारा दिवस असे होते, की त्यांत शेवटी शून्य किंवा पाच एकदाही नव्हता. निव्वळ योगायोगाने असं होण्याची शक्यता सत्तर अब्जांत एक. अक्षर मामाचं, रोजची सही मामाची.

त्या दिवशी संध्याकाळी मी मामाकडे जाऊ शकले असते. बसने वीस मिनिटं. मी गेले नाही, आणि का गेले नाही हे मला नेमकं आठवतं. निरीक्षक नात्यातला, मग त्याला आधी विचारणं म्हणजे त्याला सारवासारवीची संधी देणं, असं मला वाटलं. अनोळखी माणूस असता तर विचारलं असतं. मामा होता म्हणून विचारलं नाही, आणि यालाच मी निःपक्षपातीपणा समजले.

दुसऱ्या दिवशी मी आलेख घेऊन समितीप्रमुख सरांकडे गेले.

"निरीक्षक तुमचे मामा ना?" सरांनी चष्म्यावरून बघितलं.

"हो सर. म्हणूनच सांगतेय."

"शाब्बास," सर म्हणाले. "असे लोक राहिलेत कुठे?"

मला बरं वाटलं. ते बरं वाटणंच आता सगळ्यात जास्त बोचतं.

पुस्तकात त्या दिवसांसमोर रेघा छापायच्या असं ठरलं. तळटीप: ‘नोंदी विश्वासार्ह नसल्याने वगळल्या आहेत.’ मग सर पेन टेबलावर आपटत म्हणाले, "आणि तो सत्कार... पुस्तकाच्याच प्रकाशनात ठेवलाय. उद्या कोणी विचारलं तर आपली पंचाईत व्हायची." मामाला पत्र गेलं की वेळेच्या मर्यादेमुळे कार्यक्रमात बदल करण्यात आला आहे. त्याच्या जागी एका निवृत्त उपकुलसचिवांचा सत्कार झाला. ते वेधशाळेत आयुष्यात एकदाच आले होते, कुंपणाला रंग दिला तेव्हा, आणि तेव्हाही रंग ओला म्हणून आत गेले नव्हते.

मामाने सत्कारासाठी नवे बूट घेतले होते. व्यासपीठावर चावायला नकोत म्हणून तो आठवडाभर घरातल्या घरात ते घालून फिरत होता. पत्र आल्यानंतर तो तेच बूट घालून भाजी आणायला जाऊ लागला. हे मला आईने फोनवर सांगितलं. "असू दे म्हणाला, मळवायचेच होते कधीतरी." मी फोन ठेवला आणि मुद्रितं तपासत बसले.

प्रकाशनानंतरच्या रविवारी मी पुस्तकाची प्रत घेऊन मामाकडे गेले. मामीनेच निरोप धाडला होता, ‘पुस्तक घेतल्याशिवाय तोंड दाखवू नकोस.’ मामी एकाहत्तर वर्षांची, उंची चार फूट नऊ इंच. स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीसाठी तिने मामाला कायमचं कामाला ठेवलंय.

"आलीस? दे इकडे. थांब, हात पुसते." तिने पुस्तक मांडीवर घेतलं. "केवढं जड गं! डोक्यात घातलं तर माणूस जाईल."

"पंचाहत्तर वर्षं आहेत त्यात," मामा म्हणाला. तो खिडकीजवळच्या खुर्चीत होता. मला बघून नेहमीसारखा हसला, पण दशांशबाई म्हणाला नाही.

मामी पानं उलटू लागली. पहिलं पान, कुलगुरूंचा संदेश, फोटो, सगळं सोडून ती सरळ आकड्यांत शिरली.

"अहो, ते वर्ष कुठेशी येईल?"

"अगं, चहा टाक आधी. पोरगी उन्हातून आलीय."

"चहा कुठे पळून जातोय?" तिने वर्ष शोधून काढलं आणि रकान्यावरून बोट खाली नेलं. बोट थांबलं. तिने पान उलटलं, परत मागे आली. "हे काय? इथे नुसत्या रेघाच आहेत."

मी मामाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. सत्कार का रद्द झाला हे त्याला त्या क्षणी कळलं असणार. अडतीस वर्षं आकडे बघितलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

"छापताना गेलं असेल ते," तो म्हणाला. "छापखान्यात होतं असं."

मी त्याला खोटं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. तेही मला वाचवायला.

"नेमकं तेवढंच गेलं होय?" मामी चिडली. "बाकी सगळ्यांचे आकडे आले आणि माझेच बरे गेले!"

"तुझे?" मी विचारलं.

"माझे नाही तर कोणाचे? हा मनुष्य वाऱ्याचं यंत्र साफ करायला खांबावर चढला आणि पाय मोडून घेतला. नोकरी तेव्हा कच्ची. पंधरा दिवसांवर खाडा झाला की घरी बसा. तेव्हा आमची खोली मैदानाच्या कडेलाच, मग काय, रोज साडेआठला मीच जायचे मैदान ओलांडून. आकडा तळहातावर लिहून आणायचे, हे पलंगावर बसून वहीत उतरवायचे. चार महिने! आणि खिडकीतून ओरडायचे काय, ‘नीट बघ, नीट बघ!’ आख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं."

"मी हळूच सांगायचो," मामा म्हणाला.

"हळूच! कावळे उडायचे. आणि पहिल्याच दिवशी मी पाच आणला, तर म्हणाले, असले गोल आकडे आणू नकोस, लोक म्हणतील अंदाजपंचे लिहिलंय. पारा खुणेच्या जरा वर असतो नाहीतर जरा खाली असतो, ते बघून ये. पाठवलं की परत! तेव्हापासून मी कानाला खडा लावला. शून्य नाही की पाच नाही. खुणेवर दिसला तरी जरा वर की खाली ते ठरवूनच हलायचे."

कोणी खोटं म्हणू नये म्हणून तिने घेतलेली काळजीच मी खोटेपणाचा पुरावा म्हणून सरांच्या टेबलावर ठेवली होती.

"मामी," मी म्हटलं, "छापताना नाही गेले. रेघा मी घातल्यात. मला वाटलं, ते आकडे घरी बसून रचलेत. मीच सरांना सांगितलं. सत्कारही त्यामुळेच गेला."

मामीने माझ्याकडे बघितलं नाही, मामाकडे बघितलं.

"तुम्ही हिला सांगितलं नव्हतं?"

"तिने विचारलं नाही," मामा म्हणाला.

आवाजात राग नव्हता. तो असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं.

मग तोच म्हणाला, "आणि सही माझी होती. मी पारा बघितला नव्हता. त्या अर्थी तुझं फार काही चुकलं नाही."

"काही नका सांगू," मामी उठत म्हणाली. "आकडे खरे होते." आणि ती चहा टाकायला आत गेली. त्या दिवशी चहात साखर नव्हती. विसरली की मुद्दाम, मला माहीत नाही. मी तसाच प्यायले.

सोमवारी मी वेधशाळेच्या कोठीतल्या पत्र्याच्या पेट्या उघडल्या. पेटीत तापमापकाशेजारी एक आपोआप रेघ काढणारं यंत्र असायचं. घड्याळावर फिरणारं पिंप, त्याला गुंडाळलेला आठवड्याचा कागद आणि शाईची टोकदार लेखणी. हे कागद आहेत हे मला आधीही ठाऊक होतं. पुस्तकाची तारीख जवळ आली म्हणून मी पेट्या उघडल्या नव्हत्या. त्या सोळा आठवड्यांचे सोळा कागद निघाले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात शाईचा एक ठसा होता, अंगठ्याचा, लहानसा.

मी एकशे बारा आकडे यंत्राच्या रेघेशी ताडून बघितले. दोन्ही बरोबरच चढत होते, बरोबरच उतरत होते. फक्त मामीचा आकडा सरासरी तीन दशांश कमी होता, सतत. आधीच्या-नंतरच्या आठवड्यांचे कागद ताडले, तर मामाच्या नोंदींत तो फरक नव्हता. तापमापकाच्या खुणा काचेच्या पुढच्या बाजूला असतात आणि पारा मागे. डोळा पाऱ्याच्या खाली असेल तर आकडा कमी दिसतो. मी पेटीपुढे उभी राहिले, मग गुडघे वाकवत डोळा चार फूट नऊ इंचांच्या माणसाइतका खाली आणला. पारा तीन दशांश उतरला. पन्नासएक वर्षांपूर्वी मामी रोज सकाळी इथे टाचा उंचावून उभी होती, आणि तिची उंची त्या आकड्यांमध्ये नोंदली गेली होती. कोणी रचून हे लिहू शकलं नसतं.

सर तेव्हा समारोपाच्या निमंत्रणपत्रिका तपासत होते.

"मग खरे होते म्हणता आकडे?"

"हो सर. प्रतींमध्ये शुद्धिपत्र घालता येईल. एक चिठ्ठी चिकटवायची फक्त. मी चिकटवते सगळ्या."

"प्रती गेल्या की हो पाहुण्यांना. आणि चिठ्ठीत लिहिणार काय? निरीक्षकाच्या पत्नीने नोंदी घेतल्या? कुंपणाच्या आत बाहेरच्या माणसाला परवानगीच नव्हती. म्हणजे आपण एक काढून दुसरं ओढवून घेणार." त्यांनी माझा कागद दोनदा वाचला, तो मात्र मनापासून. "काम चांगलं केलंत. जपून ठेवा. शताब्दीला सुधारित आवृत्ती काढू, तेव्हा घेऊ."

शताब्दीला मामा एकशे एक वर्षांचा असेल.

समारोपाला मामा-मामींना निमंत्रण गेलं, सर्वसाधारण. ते आले नाहीत. मी त्या दिवशी अर्धी रजा काढून जुन्या वहीची छायाप्रत घेऊन त्यांच्याकडे गेले. मामीने पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि बारीक टोकाचं पेन घेतलं. मी आकडे वाचत गेले, ती प्रत्येक रेघेवर तिचा आकडा लिहीत गेली.

"सव्वीस पॉइंट सात."

"सात," मामीने लिहिलं.

"सत्तावीस असणार," मामा खुर्चीतून म्हणाला. "तू बुटकी, तुला खालचंच दिसणार. स्टुलावर चढ म्हणून किती ओरडायचो."

"बघा, ओरडायचात ना? आता कसं कबूल झालं!" मामी म्हणाली, आणि मग मला, "तू सातच वाच. मी सात बघितला होता."

त्या दिवसाचा यंत्राचा आकडा मला माहीत होता. सत्तावीस. मी सात वाचला आणि पुढे गेले. मामा खिडकीबाहेर बघत होता. दाराशी त्याचे बूट होते, टाचेकडे झिजायला लागलेले.

पुस्तकाच्या अकराशे प्रती छापल्या होत्या. एका प्रतीत ते वर्ष पूर्ण आहे. उरलेल्या एक हजार नव्याण्णव प्रतींत माझ्या रेघा आहेत.