काळ्या वाघाला दिलेली वाट

मी एक जुना मोबाइल आहे, मित्रांनो. वाशीमकडच्या मालेगावच्या बाजारातून धम्मदीपानं मला घरी आणलं, तेव्हा माझी काच सकाळच्या तळ्यासारखी होती. आता कोपऱ्यात तडा आहे. बॅटरी तर इतकी थकली, की चार्जरची वायर काढली की माझा श्वासच बंद. "बदलते, बदलते," म्हणत धम्मदीपाचं वर्ष गेलं. लाल आकडा दाखवून दाखवून मी कंटाळलो.

लाडाचे दिवसही होते. धम्मदीपा आणि रिसोडची सपना या वसतिगृहापासूनच्या मैत्रिणी. दोघी 'सोळा गड' नावाचा खेळ खेळायच्या. सोळा खेळाडू, सोळा गड. रोज प्रत्येकाची एकच चाल, तीही संध्याकाळी पाचच्या आत. कोणाशी हात मिळवायचा, कोणाला बुडवायचं, सगळं निरोपांतून ठरे. तिथं सारेच एकमेकांना दगा देत. या दोघींनी मात्र दिला नव्हता. चार महिने त्यांचे गड पाठीला पाठ लावून उभे होते.

"तुह्या गडाले कोनी हात तं लावून पाहो!" सपना म्हणायची आणि माझा स्पीकर थरथरायचा.

दिवाळीनंतर वाशीमला एकाच खोलीत राहून दोघी नर्सिंग शिकणार होत्या.

त्या दिवशी सोयाबीनची सोंगणी होती. मी वायरीला बांधलेला, वावरात जाणार कसा? धम्मदीपाचे वडील भिवाजी पायाला विळा लागल्यामुळे घरीच होते. ती त्यांना म्हणाली, "बाबा, पाच वाजाच्या आंधी हे हिरवं बटन दाबजा, म्हंजे माही आजची चाल जाईन. बाकी कायलेच हात नोका लावू."

साडेचारला 'काळा वाघ' नावाच्या खेळाडूचा निरोप आला. 'माझ्या सैन्याला तुमच्या हद्दीतून वाट द्याल का?' खाली दोन बटणं, हो आणि नाही.

भिवाजींनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. मित्रांनो, या माणसाच्या वावराला रस्ता नाही. बारा वर्षं शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कधी विनवून, कधी शिव्या खाऊन, त्यांनी पोती डोक्यावर बाहेर काढली आहेत.

"वाटच तं मांगून राह्यला बिचारा," ते पुटपुटले आणि 'हो' दाबलं. मग आठवणीनं हिरवं बटणही.

मी ओरडणार कसा? माझ्यातून जगाचे आवाज येतात. माझा स्वतःचा एकही नाही.

पाच वाजता काळा वाघ धम्मदीपाच्या हद्दीतून गेला आणि मागच्या उघड्या बाजूनं सपनाचा गड घेऊन बसला.

धम्मदीपा घरी आली न आली तोच सपनाचा फोन.

"भेटला ना तुले मोठा सोबती? मांगून वार केला तू!"

"सपने, बाबानं दाबलं वं. त्याईले काय मालूम!"

"हो, आता बाबाचं नाव पुढं कर."

भिवाजींनीच मला कानाला लावलं. "पोरी, म्याच देल्ली वाट. मले वाटलं, कोनाचा माल अडकला असंन."

पलीकडे सपना हसली. पण ते हसू लगेच विझलं. "काका, तुमच्यावर राग नाई माहा. हिले इचारा, माहा भरवसा चार्जरवर टांगून हे वावरात गेलीच काहून?"

फोन कट झाला.

दिवाळीनंतर दोघीही वाशीमला गेल्या, वेगवेगळ्या खोल्यांत. धम्मदीपानं पाठवलेले अकरा निरोप माझ्यात आहेत. वाचल्याची खूण आहे, उत्तर नाही. मित्रांनो, तुमच्याकडची वस्तू कुरकुरायला लागली की तिचं ऐकत जा. आम्ही बंद पडतो तेव्हा एकटेच बंद पडत नाही. कोणीतरी आमच्यावर विसंबलेलं असतं.

मागच्या आठवड्यात धम्मदीपानं नवी बॅटरी बसवली. आता मी दिवसभर चालतो, तिच्या खिशात असतो. पाच वाजत आले की ती मला बाहेर काढते, थोडा वेळ काचेकडं बघते आणि परत ठेवून देते.